कांद्याच्या चाळीतून जिनिव्हा

2023 च्या डिसेंबरची 8 तारीख, शुक्रवार. सकाळी दहाच्या आत अण्णांचा फोन. अण्णा सकाळी कधी फोन करत नाहीत, सकाळ त्यांची मळ्याची. मी ऑफिसात बागलाणातल्या अर्ली द्राक्षांच्या सॅम्पलची यादी लावत बसले होते. पलीकडून ट्रॅक्टरांचे हॉर्न, माणसांचा गलका, आणि त्यातून अण्णांचा आवाज: "बाई, लिलाव बंद पडलाय. रात्रीतून निर्यात बंद केली म्हणतात. तू त्यातली ना? बघ बरं खरं आहे का."

खरं होतं. आदल्या दिवशीची अधिसूचना, तिच्यात कामाची ओळ एकच: कांद्याचं निर्यात धोरण 'मुक्त'वरून 'प्रतिबंधित', 31 मार्च 2024 पर्यंत. अशा ओळी वाचायचाच मला पगार मिळतो. ओझरच्या बाजूला एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये मी सतरा वर्षं डॉक्युमेंटेशन बघते. पॅकिंग लिस्ट, फायटो म्हणजे माल रोग-कीडमुक्त असल्याचा दाखला, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग. द्राक्ष मी फारसं हातात धरत नाही, त्याचे कागद धरते. पण अधिसूचना बापाला वाचून दाखवायची वेळ पहिलीच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे ट्रॉली माघारी न्यायची, का इथंच थांबायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उन्हाळ कांदा असता तर चाळीत भरून चार महिने वाट बघता आली असती. ट्रॉलीत लाल कांदा होता. त्याचं साल पातळ, पाणी जास्त, काढला की पंधरा दिवसांत विकून मोकळं व्हायचं. हे नाशकात शेंबड्या पोरालाही कळतं. त्या दिवशी चांदवडला लोकांनी महामार्ग अडवला. लिलाव सुरू झाले तेव्हा भाव क्विंटलमागे हजारावर रुपयांनी उतरले होते. अण्णांनी विकला. काय करतील?

रात्री जेवणं उरकल्यावर मी लॅपटॉप उघडून 1947 चा गॅट करार, म्हणजे जगाच्या व्यापाराचा जिनिव्हात झालेला मूळ करार, काढून बसले. नवरा म्हणाला, "बंदी दिल्लीनं घातली, तू जिनिव्हात काय शोधतेस?" बरोबर होतं त्याचं. पण या नोकरीनं मला एक खोड लावली आहे. कुठलाही कागद अडला की त्याच्या वरचा कागद कोणता, ते बघायचं.

वरच्या कागदात लिहिलं होतं की मालाच्या आयातीवर किंवा निर्यातीवर संख्येची बंधनं घालू नयेत. कलम 11. आणि लगेच खाली, त्याच कलमात, पळवाट: अन्नाची गंभीर टंचाई टाळायला किंवा निवारायला तात्पुरती निर्यातबंदी चालेल. 1995 ला जिनिव्हातच जागतिक व्यापार संघटना आली, शेतीचा वेगळा करार झाला, त्याच्या कलम 12 मध्ये एवढीच भर पडली की अशी बंदी घालणाऱ्यानं आयात करणाऱ्या देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि शक्य तितकं आधी लेखी कळवावं.

शक्य तितकं आधी! 2019 च्या सप्टेंबरअखेर कांदा असाच एका दिवसात बंद झाला, आणि त्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. व्यापाऱ्यांच्या सभेत त्या हसतहसत हिंदीत म्हणाल्या की मी आमच्या स्वयंपाक्याला कांदा घालू नकोस म्हणून सांगितलंय, तुम्ही जरा आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. सभा हसली. जगाच्या व्यापाराचं कलम 12 इतक्या सोप्या भाषेत मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही.

आयातीवर जकात किती लावायची, यावर या करारांत हजारो ओळी आहेत. प्रत्येक देशानं प्रत्येक मालाची कमाल मर्यादा लिहून दिलेली आहे. आपण कच्च्या शेतमालाला बहुतेक ठिकाणी 100 टक्के लिहून ठेवले, खाद्यतेलांना 300, फक्त सोयाबीन तेलाला 45. स्वतःच्या मालाला बाहेर जाताना कुलूप घालण्याबद्दल मात्र एक पळवाट आणि एक विनंती. करार लिहिताना बसलेल्यांना भीती एकच होती: परक्याचा माल आपल्या बाजारात शिरेल. घरच्या मालाला घरचंच सरकार दारात अडवील, हा प्रश्न टेबलावर जवळजवळ आलाच नाही.

अण्णांच्या पिढीनं मात्र तो केव्हाच मांडला होता.

1980 साली कांदा-उसाच्या आंदोलनात नाशिकचे रस्ते बंद पडले तेव्हा अण्णा तेवीस वर्षांचे होते. देवघराशेजारच्या कोनाड्यात त्यांचा लाल बिल्ला अजून आहे, पिन गंजलेली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा आम्ही भावंडं बाराखडीच्या आधी शिकलो. या आंदोलनाचे नेते शरद जोशी शेतकरी होण्याआधी स्वित्झर्लंडमध्ये, बर्नला, जागतिक टपाल संघटनेत नोकरीला होते. 1977 मध्ये ते परत आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. लहानपणी मला याचं फार अप्रूप वाटायचं. स्वित्झर्लंड सोडून माणूस चाकणला का येईल?

पुढे 1991 च्या डिसेंबरात गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी मसुदा मांडला आणि गावोगाव 'डंकेल' हा शब्द भुतासारखा फिरायला लागला. बियाणं घरी ठेवता येणार नाही, तुळस-कडुनिंब परक्यांचा होईल, रेशन बंद होईल. कर्नाटकात शेतकऱ्यांनी एका परदेशी बियाणं कंपनीच्या कचेरीतले कागद रस्त्यावर आणून जाळले. आणि शरद जोशींनी उलटी भूमिका घेतली: डंकेल येऊ द्या. त्यांचा हिशेब सरळ होता. जगातले श्रीमंत देश शेतकऱ्याला अनुदान देतात, आपलं सरकार बंद्या-निर्बंध घालून शेतकऱ्याकडून काढून घेतं. आपल्याकडची सबसिडी उणे आहे. बाजार खुला झाला तर निदान काढून घेणं तरी थांबेल. विशेष म्हणजे गॅटच्या वाटाघाटीत भारत सरकारनं स्वतः दिलेल्या आकड्यांतही बहुतेक पिकांना मिळणारा आधार उणेच निघाला होता.

अण्णा तेव्हा डंकेलच्या बाजूचे, माझे मामा विरोधातले. लग्नकार्यात दोघांना एका पंगतीत बसवायचं नाही, असा आईचा नियम होता.

आज मागे वळून बघते तर दोघांचं थोडं थोडं चुकलं. मामांचं बियाणं गेलं नाही. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याचा बियाणं राखायचा, पेरायचा, एकमेकांत देण्याघेण्याचा हक्क शाबूत ठेवला. त्या काळात विकसनशील देशाला करारात राहून एवढी जागा काढता आली, ही मला मोठी गोष्ट वाटते. आणि अण्णांना वाटलं होतं की जिनिव्हाच्या करारामुळे दिल्लीचा हात बांधला जाईल. तो बांधला गेला नाही. 2023 च्या ऑगस्टात 40 टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरात टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य, डिसेंबरात बंदी. सगळं नियमात बसवून.

आता जिनिव्हात काय चालतं ते थोडं सांगते, कारण माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना वाटतं की तिथे कोणीतरी मोठा साहेब बसून हुकूम काढतो.

तिथे साहेब नाही, एकमत आहे. आणि त्या एकमताची व्याख्या अशी की ठरावाच्या वेळी हजर असलेल्यांपैकी कुणीही उघड हरकत घेतली नाही, म्हणजे झालं एकमत. ज्यांनी भाऊबंदकीतली वाटणी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. गप्प बसला तो मान्य झाला. आणि बांधावरच्या एका आंब्यावरून एक भाऊ ‘नाही’ म्हणाला की अख्खी वाटणी अडली. फरक एवढाच, इथे 166 भाऊ आहेत. खरी बोलणी म्हणे निवडक देशांना घेऊन 'ग्रीन रूम'मध्ये होतात. पूर्वी महासंचालकांच्या एका खोलीला हिरवा रंग होता, त्यावरून नाव पडलं. आम्हा नाशिककरांना ग्रीन रूम म्हटलं की कालिदास कलामंदिराची मागची बाजू आठवते, जिथे राजा विडी ओढत बसलेला असतो. फार वेगळं नसावं.

2001 मध्ये दोह्याला जी फेरी सुरू झाली तिच्या नावातच 'विकास' होता. गरीब देशांचं राहून गेलेलं आता करू, असा शब्द दिला होता. तिथे आपले वाणिज्य मंत्री मुरासोली मारन शेवटपर्यंत अडून बसले आणि परिषद एक दिवस लांबली. 2003 ला कानकुनला कोसळली. पहिल्याच दिवशी ली क्युंग-हे नावाच्या कोरियन शेतकऱ्यानं कुंपणावर चढून स्वतःला भोसकून घेतलं. ती बातमी अण्णांनी पेपरातून मला वाचून दाखवली होती आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. त्याच परिषदेत बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार देश कापसाचं गाऱ्हाणं घेऊन उभे राहिले. अमेरिका तिच्या कापूसवाल्यांना इतकं अनुदान देते की आमचा स्वस्त कापूसही जगात विकला जात नाही, असं ते म्हणत होते. बरोबर होतं, सगळ्यांनी मान डोलावली. पुढे ब्राझीलनं याच विषयावर रीतसर खटला लढवून अमेरिकेला हरवलं आणि 2014 च्या तडजोडीत 30 कोटी डॉलर पदरात पाडून घेतले. त्या चार आफ्रिकी देशांना तसा खटला चालवणं परवडणारं नव्हतं. विकसनशील म्हणून एका रांगेत बसवलेल्यांत केवढं अंतर असतं!

2008 च्या जुलैत मंत्री जिनिव्हात नऊ दिवस बसले. वीसपैकी अठरा मुद्द्यांवर जुळलं म्हणतात, आणि अडलं ते एका टक्केवारीवर. बाहेरचा माल अचानक लोंढ्यानं आला तर गरीब देशाला जकात वाढवायची मुभा हवी. पण लोंढा कशाला म्हणायचं? टेबलावरचा प्रस्ताव होता: नेहमीच्या आयातीच्या 140 टक्के माल आला की. आपले तेव्हाचे वाणिज्य मंत्री कमलनाथ म्हणत होते, 140 होईपर्यंत आमचा शेतकरी मेलेला असेल, 110 धरा. नाही धरलं. फेरी तिथेच बसली, ती पुन्हा धड उठलीच नाही.

मी कमलनाथांच्या बाजूची आहे, हे सांगून टाकते. ज्यानं बाजार समितीत सकाळी एक आणि दुपारी दुसरा भाव पाहिलाय त्याला 110 आणि 140 मधला फरक समजावून सांगावा लागत नाही.

मग धान्यसाठ्याचा घोळ. 2013 ला आपण अन्नसुरक्षा कायदा केला: तीन रुपयांनी तांदूळ, दोन रुपयांनी गहू. त्यासाठी हमीभावानं धान्य घ्यायचं. शेतीच्या करारात विकसनशील देशाला पिकाच्या उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांपर्यंत असा आधार देता येतो. हा आधार मोजायची रीत मात्र अशी: आजचा हमीभाव घ्यायचा आणि तो 1986 ते 88 मधल्या आंतरराष्ट्रीय भावाशी ताडायचा. महागाई वगैरे काही नाही. तेव्हा मी बालवाडीत होते. त्या वेळच्या माझ्या फ्रॉकचं माप घेऊन कुणी आज मला म्हणालं, एवढी साडी तुला कशाला लागते, तर जे होईल तेच या हिशेबात होतं. मर्यादा तोडायची इच्छा असो नसो, ती आपोआप तुटते.

त्या वर्षीच्या डिसेंबरात बालीला वाणिज्य मंत्री आनंद शर्मांनी यावर तात्पुरतं शांतता कलम मिळवलं: कायमचा तोडगा निघेपर्यंत यावरून कुणी कुणाला कोर्टात खेचायचं नाही. त्याच बालीत व्यापार सुलभतेचा करारही झाला, म्हणजे बंदरावरचे कागद कमी करा, सगळं एका खिडकीतून करा. पुढच्या जुलैत सरकार बदललं होतं, निर्मला सीतारामन वाणिज्य मंत्री होत्या, आणि भारतानं हा दुसरा करार अडवून धरला. आधी धान्यसाठ्याचं पक्कं करा, मग तुमची सुलभता. नोव्हेंबरात आपल्याला हवा तो खुलासा मिळाला आणि गाडी सुटली. पक्ष कुठलाही असो, जिनिव्हात आपली भाषा बदलत नाही. तांदळाच्या बाबतीत पुढे आपण हे शांतता कलम वापरलंही, तसं करणारा पहिला देश भारत.

माझी त्या वेळी मोठी पंचाईत झाली. अडवलेला करार माझ्या टेबलाचा होता. 2017 च्या फेब्रुवारीत तो लागू झाला. त्याच सुमारास कंटेनरला सील ठोकायला येणाऱ्या अधिकाऱ्याची वाट बघणं संपलं, आम्हीच इलेक्ट्रॉनिक सील लावायला लागलो. पूर्वी मार्चच्या उन्हात कंटेनर भरून उभा, आत शून्य अंशावर द्राक्षं, डिझेल जळतंय, आणि मी फाटकाकडे बघत उभी. ते गेलं. जगाच्या वाटाघाटींतून माझ्या हातात प्रत्यक्ष पडलेलं काही असेल तर ते एवढं: त्या उभं राहण्याचे दोन-तीन तास. कमी नाही. आणि ते काही काळ लांबवणारं आपलंच सरकार होतं, तेही गरिबाच्या धान्यासाठी. कुणावर चिडायचं?

बरं, त्या हमीभावाच्या हिशेबात अण्णांचा कांदा कुठे आहे? कुठेच नाही. कांद्याला हमीभाव नाही, म्हणून त्या तक्त्यात कांद्याची ओळ नाही. आणि इथे मला जे खुपतं ते लिहिते. जिनिव्हात भारताचं म्हणणं असं की आम्ही शेतकऱ्याला फार देत नाही, तुमचा हिशेबच चुकीचा आहे. हे म्हणणं खरं आहे. 2018 मध्ये श्रीमंत देशांच्याच संघटनेनं, ओईसीडीनं, एका भारतीय संशोधन संस्थेसोबत अभ्यास केला, त्यातही आपल्या शेतकऱ्याला मिळणारा एकूण आधार उणे निघाला, आणि त्याला निर्यातीवरचे निर्बंध हे एक मोठं कारण सांगितलं. म्हणजे भारताच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा बाजार समितीच्या आवारात, अण्णांच्या ट्रॉलीत पडलेला होता. पण तो टेबलावर मांडता येत नाही. मांडला तर विचारतील, हे केलं कुणी?

2024 च्या फेब्रुवारीअखेर अबुधाबीला मंत्री परिषद भरली तेव्हा आमचा हंगाम ऐन भरात होता. तांबड्या समुद्रात हल्ले चालू, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून रॉटरडॅमला जाणार, दहा-पंधरा दिवस जास्त, आणि मणी तेवढे दिवस तग धरतील का या धास्तीनं सगळे अर्धमेले. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बातमी: भारत शेतकऱ्यांच्या हितावर ठाम, धान्यसाठ्यावर कायमचा तोडगा हवाच. परिषद लांबली. शेतीवर काही निघालं नाही. कांद्यावरची बंदी तेव्हा बारावा आठवडा मोजत होती. अधिसूचनेतली 31 मार्च आली आणि गेली. बंदी उठली 4 मे ला, तीही 40 टक्के शुल्क आणि टनाला किमान 550 डॉलरची अट ठेवून.

एवढं वाचून कुणाला वाटेल की दिल्ली वाईट आणि जिनिव्हा चांगलं, तर थांबा. माझी 2010 ची गोष्ट सांगायची राहिली आहे.

माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षं. चुलतभावाची दिंडोरीला बाग, थॉमसन जातीची. माल देखणा, अठरा मिलिमीटरचा मणी, सगळे रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे फवारलेल्या औषधांच्या अंशाचे, स्वच्छ. मार्चच्या शेवटी कळलं की युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडलं. आमच्याकडे त्याला सीसीसी म्हणतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढ रोखून काडीत घड धरावा म्हणून ते फवारतात, म्हणजे फळ खुडायच्या आठ-नऊ महिने आधी, वेलीवर मणी नसतानाच. फळात ते उतरत असेल हे आमच्या भागात फारसं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. युरोपची मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. त्या संध्याकाळी मी कॅल्क्युलेटर काढला. 20 टन द्राक्षांत 1 ग्रॅम. चिमूट-दोन चिमूट मिठाएवढं. चुलतभाऊ समोर बसलेला, मी आकडा सांगितला तर म्हणाला, "ताई, एका ग्रॅमला वीस टन परत?"

परत आणणंही परवडणारं नव्हतं. त्याची गाडी तिकडेच गेली, मिळालं ते वाहतुकीत गेलं. पुढल्या वर्षी त्यानं दोन एकर मोडली.

मी तेव्हा पहिल्यांदा विचारलं होतं, तक्रार करायची कुठे? करारात तशी सोय आहे. अन्नाच्या सुरक्षिततेचे निकष विज्ञानाला धरून असावेत, उगाच माल अडवायला वापरू नयेत, असा स्वतंत्र करार 1995 पासून आहे. पण तक्रार शेतकऱ्यानं नाही, देशानं करायची. मग चर्चा, मग पंच, मग अपील. खटल्याला वर्षं लागतात आणि द्राक्ष शीतगृहात दोन महिने निघतं. आता तर 2019 च्या डिसेंबरपासून अपिलाचं मंडळच बंद आहे, अमेरिका नवे न्यायाधीश नेमू देत नाही. साखरेच्या अनुदानावरून ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला आपल्याविरुद्ध जिंकले, आपण त्या बंद दारात अपील टाकून आलो. निकाल लटकला. आज ते आपल्या सोयीचं झालं. उद्या आपण जिंकू तेव्हा समोरचा हेच करील.

द्राक्षाचं दुखणं शेवटी वकिलांनी सोडवलं नाही. प्रयोगशाळांनी, नोंदणी झालेल्या प्लॉटनी आणि फवारणीच्या वह्यांनी सोडवलं. आता आमच्याकडचा साधा बागायतदारही कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं ते तोंडपाठ सांगतो. परदेशी वाणांची रॉयल्टी देऊन लागवड करणारेही झाले. शिकलो, मार खाऊन शिकलो. लहान बागायतदार मात्र या शिकवणीची फी भरताना गळाला.

आणि त्याच दिंडोरीत आता बघा. रस्त्याच्या एका बाजूला खायच्या द्राक्षाची बाग: त्याला वाटतं, करार करा, युरोपची जकात उतरवा, दारं उघडा. दुसऱ्या बाजूला वाईनच्या द्राक्षाची बाग: त्याला वाटतं, परदेशी वाईनवरची 150 टक्के जकात काढू नका, मेलो आम्ही. ऑस्ट्रेलियाशी 2022 मध्ये करार झाला, पाच डॉलरवरच्या बाटल्यांची जकात 100 वर आणि पंधरा डॉलरवरच्यांची 75 वर आली, तर हा दुसरा आठवडाभर झोपला नाही. मधे फक्त डांबरी रस्ता. जिनिव्हात सगळे मिळून ठरत नाही म्हणून देश आता असे दोघा-दोघांत सौदे करतात, आणि दोघांच्या सौद्यात लहानाला बाजूला चार भाऊबंद नसतात. भारत मोठा आहे, निभावून नेईल. बेनिन काय करील?

2025 च्या ऑगस्टात एका रविवारी गावी गेले होते. कांद्यावरचं शेवटचं 20 टक्के शुल्क 1 एप्रिललाच गेलं होतं. निर्यात मोकळी. भाव तरी उठेना. व्यापारी सांगतात, गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाला लागलं की हाका मारून येत नाही.

अण्णा चाळीत पाट मांडून सडका निवडत बसले होते. दमट हवा, तो ओळखीचा उग्र वास, पंख्याला वीज नाही. मीही पदर खोचून बसले. चांगला उजव्या पाटीत, बारकी गोल्टी डावीकडे, सडका मागे. हात चालू ठेवूनच त्यांनी विचारलं, "तुमच्या तिकडं कांद्याला म्हणतात काय गं?"

"नंबर असतो अण्णा. शून्य सात, शून्य तीन, दहा. जगभर तोच."

"आणि द्राक्षाला?"

"शून्य आठ, शून्य सहा, दहा."

त्यांनी एक कांदा दाबून पाहिला, बोट आत गेलं, मागे फेकला. "म्हणजे त्याचाही नंबर पुढंच," म्हणाले.

मग बाहेर आभाळाकडे बघून म्हणाले, पिकअपवाल्याला फोन लाव, उद्या साडेपाचला ये म्हणावं. उशीर झाला की लिलावात शेवटी लागतो.